खंडेनवमीला झोपवलेली पेटी

दसऱ्याला घरी जाऊन काय केलंस म्हणून विचारताय ना, तर ऐका. देवळात गेले नाही, सोनं लुटलं नाही, नवा ड्रेस पिशवीतून बाहेर सुद्धा काढला नाही. अख्खा दसरा मी आमच्या कौस्तुभदादाच्या टेबलाखाली काढला, दातात मोबाईल धरून, टॉर्च चालू. आणि वर काकी उभी, हात जोडून. गौरजा, हसू नकोस, खरंच हात जोडून! थांबा, पहिल्यापासून सांगते, मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

आचऱ्याला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात बाबूकाका, कावेरीकाकी आणि त्यांचा एकुलता एक कौस्तुभदादा. दादा घरांची चित्रं बनवतो. हाताने नाही गं, कॉम्प्युटरवर. म्हणजे कोणाच्या तरी बंगल्याचा नकाशा येतो, नुसत्या रेघा, आणि हा त्यातून असं घर उभं करतो की वाटावं फोटोच काढलाय. खिडकीतून ऊन आलंय, सोफ्यावर उशी कलंडलीय, आणि प्रत्यक्षात तिथे अजून पायासुद्धा खणलेला नाही! तर ह्याला कॉम्प्युटर लागतो एकदम दणदणीत, आणि तसा तयार मिळेना, म्हणून दादाने एकेक भाग मागवून स्वतःच जोडला. कसालला त्याचा मित्र आहे सुशांत, हायवेवर त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे, तो मदतीला होता. काळी कुळकुळीत पेटी, एका बाजूला काच, आत तीन पंखे आणि पंख्यांना निळे दिवे. काकीने पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "ह्यो काय रे जत्रेतलो पाळणो हाडलंस घरात?"

काकीचं आणि त्या पेटीचं कधी जमलंच नाही. म्हणजे दादा घरी राहिला ह्याचा तिला आनंदच होता. तो आधी पुण्याला नोकरीला होता ना, तिथे मेसचं खाऊन खाऊन कावीळ घेऊन आला, इतका पिवळा आणि इतका वाळलेला, की काकी त्याला एसटी स्टँडवर बघून तिथेच रडायला लागली. बरा झाल्यावर तो म्हणाला, मी आता इथूनच काम करतो. पण काकीला ते काम वाटेचना. दार लावून बसायचं, कानाला ते भलेमोठे हेडफोन, समोर रंगीत चित्रं. कुंपणापलीकडे सुगंधाकाकू राहतात, त्या रोज विचारणार, "कौस्तुभ दिसना नाय तो? काय करता?" आणि आमची काकी सांगणार, "खेळता." एकदा हे दादाने ऐकलं. त्या दिवशी त्याने सोलकढी पण परत मागितली नाही, आणि तो सोलकढीला नाही म्हणतो म्हणजे समजायचं.

तर आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे तलवारी नाहीत गं, ज्याचं जे काम त्याचं ते. बाबूकाकांचा कोयता, पहार, नारळ खोवायची विळी, तिला आम्ही आडाळो म्हणतो, आणि काकी ब्लाउज शिवते, तर तिची शिलाई मशीन, कात्री, अगदी मशीनचा तो छोटासा स्क्रूड्रायव्हर सुद्धा. सगळ्याला गंध, अक्षता, फूल. आणि पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, झोपवायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला फुलं उतरवली की मग परत कामाला. दादाची पेटी ह्या सगळ्यात कधीच नसायची. का असेल? खेळण्याची कोण पूजा करतं?

मी नवमीला सकाळी पोचले, बॅग टाकली आणि थेट काकीकडे, आणि बघते तर काय, काकी दादाच्या खोलीत! पेटीला झेंडूची माळ. पेटीच्या कपाळावर ओलं कुंकू, त्याच्यावर अक्षता, समोर केळीच्या पानावर साखर-खोबरं. दादा दारात उभा, तोंडात ब्रश तसाच.

काकी मागे न बघताच म्हणाली, "आज ह्येका पण सुट्टी. बंद ठेव. माझी मशीन बंद, तुझ्या बापाशीचो कोयतो बंद. तुझा पण हत्यारच मां ता?"

हत्यार! काकीच्या तोंडून! दादाने ब्रश काढला तोंडातला, म्हणाला, "बरा, आये." बास. एवढंच. आणि मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ चूळ भरत बसला. नंतर त्याने मला त्या माळ घातलेल्या पेटीचा फोटो पाठवला. मी त्याच्या शेजारी बसलेय, आणि हा मला फोटो पाठवतोय. मी समजले काय ते.

पण एक गोष्ट त्याने काकीला सांगितलीच नव्हती. पुण्याची एक कंपनी, आधीची नव्हे, दुसरी, त्याला कायमचं काम देणार होती. पण त्यांचं म्हणणं, तुमच्या गावात लाईट जाते, नेट जातं, मशीन बंद पडलं तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तर हे एक काम करून दाखव, दुबईच्या कोणाचा तरी बंगला, दसऱ्याला संध्याकाळी सातपर्यंत आलं पाहिजे. आलं तर खुशाल घरून कर. नाही आलं तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला ऑफिसात येऊन बस. दुबईवाल्याला कुठला दसरा! दादाचं सगळं तयार होतं, फक्त शेवटचं रेंडर राहिलेलं. रेंडर म्हणजे आपण काही करायचं नसतं, मशीन आपलं आपण तीन-चार तास ते चित्र शिजवत बसतं. ते तो नवमीला लावणार होता. पण आई पहिल्यांदा हत्यार म्हणाली, आणि तिला हा कसा सांगणार की आये, आज झोपवू नको? त्याने मनात म्हटलं, दसऱ्याला सकाळी लावू, दुपारपर्यंत होईल. झालं.

नवमीला संध्याकाळी विजा. ऑक्टोबरात आमच्याकडे रोजच गडगडाट. काकीने स्वतः जाऊन पेटीचा प्लग काढून ठेवला, म्हणजे बघा, केवढी काळजी.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून काकीने सगळ्या हत्यारांची फुलं उतरवली. पेटीची माळ काढली, पेटी कोरड्या फडक्याने पुसली, म्हणाली, "घे, लाव तुझा काम." दादाने प्लग लावला, बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले, काकी हसायला लागली आणि... ठप्प. सगळं बंद.

परत दाबलं. काहीच नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून परत लावला, बटणावर बोट दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, ठप्प. परत तेच. दादाच्या कपाळावर घाम, आणि मला वाटतं मी ओरडलेच, "दादा, मी बघते!" कारण मी इलेक्ट्रॉनिक्सला ना. आता तुम्हाला माहितीये की पहिल्या वर्षी आपल्याला गणिताशिवाय काय शिकवलंय, पण घरात सगळ्यांना वाटतं मी रॉकेट दुरुस्त करते.

पहिले आले बाबूकाका. देवळात जायला धोतर नेसून तयार, आणि खिशात टेस्टर! त्यांचा टेस्टर कायम खिशात. प्लगात टेस्टर घातला, टेस्टर लागला. "लाईट तर आसा," म्हणाले, जणू काही लाईटनेच त्यांना तसं कबूल केलंय. मग म्हणाले, "कालची वीज पडली त्येच्यावर. जळला ता. सोडून दी आणि देवळात चल."

"आवो, प्लग मी काढून ठेवलेलंय," काकी म्हणाली.

"मगे खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान. समुद्राच्या कडेक लोखंड टिकता खंय? माझी सायकल बघ."

"तुमची सायकल धुवूक नको कोणी?"

काका गेले देवळात. दादाने सुशांतला फोन लावला. तो पण त्याच्या गावच्या देवळात, ढोल वाजवत. म्हणजे अक्षरशः वाजवत! मागे ढणाण ढणाण चाललंय आणि हा ओरडतोय, "काय? पंखे फिरतत? मगे बंद? एसएमपीएस गेलो तो!" एसएमपीएस म्हणजे पेटीतला तो डबा असतो बघा, भिंतीतली लाईट घेऊन आतल्या सगळ्यांना वाटतो तो. सुशांत म्हणाला, बोर्डापासून त्याची मोठी वायर सोडवा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका तारेने जोडा, मगच भिंतीतला स्विच लावा. डब्याचा पंखा फिरला तर डबा बरा.

आता तार कुठली? मी माझ्या केसातली पिन काढली, पण तिला काळा रंग, सुशांत म्हणाला नको ती. तेव्हा काकीने गुपचूप हातातल्या बांगडीला लावलेली सेफ्टीपिन काढून दिली. मी वाकवून लावली. स्विच लावला. डब्याचा पंखा फिरायला लागला, आणि फिरतच राहिला!

"डबो बरो आसा रे!" दादा फोनवर ओरडला.

"मगे रॅम काढ! पूस! ढोल माझ्याच हातात आसा, मागसून फोन करतंय!" आणि कट.

मग आम्ही सगळं काढलं. रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसले. ते मोठं ग्राफिक्सचं कार्ड काढलं. घड्याळातल्यासारखा एक सेल असतो, तो काढून परत लावला. काढायचं, लावायचं, मी टेबलाखालून भिंतीतला स्विच लावायची, दादा वर बटण दाबायचा, पंखे, निळे दिवे, ठप्प. दर वेळी तेच. काकी हात जोडून उभी, प्रत्येक वेळी पंखे फिरले की तिचा श्वास आत, आणि बंद झालं की बाहेर. मला खालून तिची पावलं फक्त दिसायची, आणि पायाच्या बोटांवरून कळायचं काय चाललंय ते. खरंच, बोटं आवळलेली असायची.

तेवढ्यात पुण्याचा फोन. दादाचे हात आत अडकलेले, त्याने कोपराने स्पीकर लावला. ते सर बोलायला वाईट नव्हते गं, उलट छानच बोलत होते. "काय कौस्तुभ, आजच्या सणाच्या शुभेच्छा. सातपर्यंत मिळतंय ना आपल्याला? तसा काही विषय असेल तर आत्ताच सांग, आम्ही दुसरीकडे देतो. पण मग तुझं आपण इथेच बसायचं ठरवू, चालेल ना? इथे सगळं तयारच आहे, टेबल, मशीन, सगळं."

"नाही सर. मिळेल," दादा म्हणाला. फोन ठेवला.

मग काकीचा आवाज, "खंय बसूचा म्हणतत? पुण्याक?"

दादा परत पेटीत वाकला. मग मीच टेबलाखालून सांगितलं सगळं, कारण कोणीतरी सांगायला हवंच होतं. दुबई, सातची मुदत, ऑफिस. काकी खाली बसली. जमिनीवर, तशीच, नवीन साडीत.

"म्हणजे काल लावूचा होता ता काम," ती म्हणाली. "आणि मियाच म्हटलंय, झोपव."

"आये, तुझो काय संबंध..."

"इतकी वर्सा मी त्येका हात लावूक नाय, तवसर बरा चालला. एकदाच पूजा केलंय, आणि बघ." आणि आपल्या हाताकडे बघत राहिली, उलटा सुलटा करून, जणू तिथे काहीतरी लागलंय. "माझो हातच लागूक नको होतो."

दादा उठला, म्हणाला, "नेट येत नाय हयसर, मी भायर जावन सरांका परत फोन करतंय, एक दिवस मागतंय." नेट तर येत होतं. तो बाहेर गेला, विहिरीपाशी, पाठ करून उभा राहिला. सरांना फोन वगैरे केलाच नाही त्याने, मी खिडकीतून बघितलं. नुसता उभा.

आता काकी जमिनीवर बसलेली, मी टेबलाखाली. आणि मला वाटलं, प्लगच सैल असेल का? बघूया. मी प्लग घट्ट बसवला आणि भिंतीतला स्विच लावला, बस, एवढंच. आणि वर पंखे फिरायला लागले! निळे दिवे!

काकी दचकली. "गो, तू दाबलंस काय?"

"मी कुठे दाबणार, काकी? मी खाली आहे!"

"मिया पण नाय! मी हय बसलंय!"

दोघी एकमेकींकडे बघतोय. ठप्प झालं. काकी हळूच म्हणाली, "गो बाय माझे. मगे कोणी दाबल्यान?" आणि असं बघितलं पेटीकडे, की मला हसू पण आलं आणि थोडी भीती पण वाटली, खोटं कशाला बोलू!

मी परत केलं. स्विच बंद, थांबले, स्विच चालू. कोणी हात लावत नाहीये, काकी भिंतीला चिकटलेली, आणि पेटी आपली आपण चालू! पंखे, दिवे, ठप्प! म्हणजे बघा ना, सकाळपासून आम्हाला वाटत होतं दादा बटण दाबतो म्हणून ती चालू होते. त्याचा त्यात काही हातच नव्हता! ती आपली आपणच चालू होत होती, आणि दर वेळी त्याचं बोट तिथे होतं म्हणून आम्हाला कळलंच नाही!

मी खिडकीतून ओरडले, "दादाऽऽ! न दाबता चालू होतंय!"

तो धावत आला, चप्पल घालूनच आत. मी करून दाखवलं. पंखे, दिवे, ठप्प. तो पेटीजवळ वाकला, म्हणाला, "परत." परत केलं. आणि या वेळी तो मोजत होता, पुटपुटत. ठप्प झाल्यावर म्हणाला, "श्रिया, मशीन हँग झाला की मी काय करतंय?"

"बटण दाबून धरतोस."

"किती वेळ?"

"बंद होईपर्यंत... चार..." आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पेटलं. "दादा! कोणीतरी बटण दाबून धरलंय!"

म्हणजे आलं का लक्षात? बटण आतच अडकलेलं! पेटीला वाटतंय कोणीतरी दाबलं, म्हणून ती चालू होते, आणि मग तिला वाटतंय, अरे हा तर सोडतच नाहीये, म्हणजे ह्याला मी बंद व्हायला हवीय, म्हणून बिचारी बंद होते. ती सकाळपासून आपलं ऐकतच होती! आतलं सगळं धडधाकट होतं, आणि आम्ही तिचे दात खोडरबरने पुसत बसलो होतो.

त्या बटणाची एक बारीक वायर बोर्डावर दोन टाचण्यांसारख्या पिनांवर बसलेली असते. दादाने ती उपटून टाकली. म्हणजे आता बटणाचा संबंधच संपला. आता त्या दोन पिना एकमेकींना क्षणभर लोखंडाने टेकवल्या, की तेच बटण दाबल्यासारखं. पण दादाचा स्क्रूड्रायव्हर जाडा, पिना एवढ्याशा. काकी उठली, बाहेर गेली, आणि शिलाई मशीनच्या खणातून तो छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. त्याच्या दांड्यावर कालचं कुंकू तसंच. दादाच्या हातात देताना स्वतः नीट लांब धरून दिला तिने, अगदी टोकाला धरून, जणू आपला हात पेटीला लागायला नको.

दादाने टोक टेकवलं आणि उचललं.

पंखे. निळे दिवे. काकीने डोळे घट्ट मिटलेले. मी मनात मोजतेय. पडद्यावर अक्षरं आली. मग ते निळं चित्र आलं. मग दादाच्या सगळ्या फायली एकेक करून उगवल्या. आणि पेटी चालूच! काकीने एक डोळा उघडला. "मेला नाय मां?"

"नाय, आये. जिवंत आसा."

ती रडली की हसली मला माहीत नाही, पदर तोंडाला होता. दोन वाजून गेले होते. दादाने रेंडर लावलं, आणि त्यानंतर काकीचा काय कारभार सुरू झाला, विचारू नका! लाईट गेली तर इन्व्हर्टर पुरायला पाहिजे म्हणून तिने सगळ्या घराचे पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. बाबूकाका देवळातून आले, आपट्याची पानं घेऊन, घामाघूम, पंख्याचं बटण दाबलं तर काकी ओरडली, "हात लावू नकोत! ता शिजता!"

"काय शिजता?" काकांनी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, तिथे तर चूलसुद्धा थंड.

आणि पेटी गरम व्हायला लागली तेव्हा काकी काचेच्या बाजूला बसून तिला हातपंख्याने वारा घालायला लागली. दादा सांगतोय, आये, त्येका आत पंखे आसत. ती म्हणे, "आसांदे." पडद्यावर तो बंगला एकेक चौकोन करून उगवत होता, आधी जिना, मग समुद्राकडची खिडकी, मग खिडकीतलं ऊन. काकी वारा घालता घालता बघत होती. म्हणाली, "ह्या घर खंय आसा?"

"खंयच नाय. अजून बांधूचा आसा."

"आणि तुया आधीच बघलंस?"

"माका आधी बघूकच लागता. मगे ते बांधतले."

काकीचा हातपंखा थांबला. मग म्हणाली, "कापडाक कात्री लावच्या आधी मी पण ब्लाउज बघतंयच." आणि परत वारा घालायला लागली. दादा माझ्याकडे बघत होता, पण मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, नाहीतर तो रडला असता.

हां, बटण! तेच राहिलं. मला करमेना, मी पेटीचं पुढचं झाकण काढलं, आणि बटणाच्या कडेच्या फटीत सुई घालून उकरलं. आणि काय निघालं सांगू? एक तांदूळ. लाल. कुंकवात भिजून वाळलेला, कडक, पाचरीसारखा आत बसलेला. पेटीचं कपाळ म्हणजे बटणच ना, गोल, मधोमध, त्याच्याभोवती दिव्याची चकती, कोणालाही कपाळच वाटेल! काकीने तिथेच गंध लावलं, तिथेच अक्षता, आणि सकाळी पुसताना एक दाणा सरकला फटीत.

मी तो तळहातावर घेऊन दादाला दाखवला. त्याने बघितलं. मग काकीकडे बघितलं, ती वारा घालतेय. आणि त्याने माझ्या हातातून तो दाणा उचलला आणि सरळ शर्टाच्या खिशात टाकला, बटण लावून. मोठ्याने म्हणाला, "स्प्रिंग गेलेली गो श्रिया. चायनाचा माल."

"तरी मी म्हणत होतंय," बाबूकाका आरामखुर्चीतून म्हणाले. ते असलं काही म्हणतच नव्हते!

काम सातच्या आत गेलं. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलेलो, ती पट्टी पुढे पुढे सरकतेय, बाहेर गडगडतंय, काकीच्या तोंडात देवाचं नाव. गेलं. थोड्या वेळाने सरांचा मेसेज, खिडकीतलं ऊन आवडलं म्हणे, आणि सोमवारपासून घरूनच सुरू कर. दादाने तो काकीला वाचून दाखवला. तिने परत वाचायला लावला. मग उठून फ्रिज चालू केला.

रात्री जेवताना, अगदी सोलकढी वाढता वाढता, काकी म्हणाली, "तांदूळच होतो मां तो?"

दादाचा घास तिथेच. मी ताटात बघायला लागले.

"माका काय दिसणा नाय? जन्म गेलो माझो सुईत दोरो ओवण्यात." वाटी ठेवली त्याच्यासमोर. "स्प्रिंग म्हणे."

"आये," दादा म्हणाला, "फुडल्या वर्सा पण तूच पूजा करूची हा."

"बघूया."

"बघूया नाय. करूची. नायतर मी चालू करूचंय नाय."

"करतलंय रे मेल्या! पण अक्षता लांबसून. फुला लांबसून. मी दारातसून नमस्कार करतलंय."

आणि दादाने परत सोलकढी मागितली. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काय केलं सांगते. आमच्या तिकडे दाराची बेल कोणी वाजवत नाही, सगळे अंगणातूनच हाका मारतात. ते बेलचं बटण धूळ खात पडलेलं. दादाने ते दारावरून काढलं, त्याची वायर पेटीतल्या त्या दोन पिनांना जोडली, आणि बटण टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलं, काकीच्याच स्क्रूड्रायव्हरने. आता बेल दाबली की कॉम्प्युटर चालू! पेटीवरचं जुनं बटण तसंच ठेवलं, कुंकवाच्या डागासकट, त्याला आता कसलीच वायर नाही. म्हणाला, "आये, ह्या कपाळ तुझा. काय लावूचा ता लाव."

मग तिलाच म्हणाला बेल दाब. ती नको नको म्हणत होती, हात मागे घेत होती. दादाने तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. दाबलं तिने. पंखे फिरले, निळे दिवे लागले, आणि ती बघत राहिली, बंद होतंय का म्हणून. नाही झालं.

मी बॅग घेऊन निघाले तेव्हा काकी मला फाटकापर्यंत सोडायला आली, हातात माझ्यासाठी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा, हाच, खाताय ना तुम्ही. आणि कुंपणापलीकडून सुगंधाकाकू, नेहमीसारख्याच, "गो कावेरी, कौस्तुभ दिसना नाय तो? काय करता?"

काकी थांबलीसुद्धा नाही. चालता चालताच म्हणाली, "कामार आसा तो. हाक मारू नको."